वाटणी आणि पाळी

पिढीजात पेढीचे वारसपत्र कसे लिहावे, हा प्रश्न वरवर केवळ कायद्याचा वाटतो. परंतु वाडवडिलांचा व्यापार वारसाचा कोणत्या नात्याने होतो, हे ठरल्यावाचून त्यातले एकही कलम न्याय्य रीतीने लिहिता येत नाही, आणि ते नाते ठरविणे हे वकिलाइतकेच धर्मचिंतकाचेही काम आहे.

धाराशिव जिल्ह्याला या चिंतनाचा शेजार जुना आहे. उमरग्याच्या पूर्वेस कल्याणी नगरीत, चालुक्य विक्रमादित्य सहावा राज्य करीत असता, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ रचली आणि वडिलोपार्जित धनावर पुत्राचे स्वत्व पित्याच्या मृत्यूने नव्हे, तर स्वतःच्या जन्मानेच उत्पन्न होते, असे प्रतिपादिले. या सिद्धान्तापुढे एकत्र कुटुंबाचा कर्ता हा निरंकुश धनी न राहता कारभारी ठरतो. आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने कन्येसही तोच जन्मसिद्ध हक्क दिल्यापासून त्याला जाब विचारणारे वाढले आहेत.

परंतु जन्माने हिस्सा मिळतो, गादी चालविण्याची पात्रता मिळत नाही. सर्वच वस्तूंची वाटणी होत नाही, हे विज्ञानेश्वरही जाणून होता: विहिरीची किंमत करून ती वाटू नये, वारसांनी तिचा पाळीपाळीने उपभोग घ्यावा, असे तो सांगतो. तुळजापुरात भवानीच्या पूजेचा वंशपरंपरागत हक्क भोपे घराण्यांत असाच पाळीने चालतो. ज्याची पाळी, त्याच्याकडे सेवेचा मान आणि सेवेचा भार, दोन्ही मुदतीपुरते. शिवाय निजामी अमदानीत, 1909 साली, ‘देऊळ-ए-कवायत’ या नियमावलीने या हक्कदारांनाही शिस्तीच्या कलमांत बांधले. हक्क वंशाचा, पण वर्तनाची चौकशी वंशाबाहेरची, अशी ही व्यवस्था आहे.

देवळात स्वामित्व देवतेचे असते, पेढीत तसे कोण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पेढीत तिची पत आहे; ती गत पिढ्यांनी मिळविलेली, गुमास्त्यांनी राखलेली आणि गिऱ्हाइकांच्या विश्वासावर उभी असल्यामुळे कोणा एका वारसाची नव्हे, आणि आणे-पैत तिचे तुकडेही होत नाहीत. म्हणून नफ्याचे हिस्से जन्माने ठरावेत. कारभार मात्र पात्रतेने, मुदतीने आणि तिऱ्हाइताच्या हिशेबतपासणीने चालावा. अशा करारात पहिले कलम हिश्शाचे नसून निवृत्तीचे असावे, आणि त्याखाली कर्त्याचीच सही आधी पडावी. कारण ज्याची पाळी कधी संपतच नाही, त्याने पुढच्याला पाळीचा धर्म कोणत्या तोंडाने सांगावा?