काहींच्या दुबळेपणापायी

कर्मकांड आणि आज्ञापालन हा विषय निघाला की ख्रिस्ती प्रवचनकार हमखास परूश्यांवर घसरतात. पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजून द्यायचा आणि न्याय, दया मात्र गुंडाळून ठेवायची, अशा लोकांची मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात चांगलीच खरडपट्टी काढलेली आहे. ते ढोंगी होते, म्हटले की ऐकणारा निर्धास्त होतो, कारण आपण ढोंगी आहोत असे कुणालाच वाटत नसते. मला अधिक अस्वस्थ करतो तो मनापासून उपासना करणारा माणूस.

दक्षिण आफ्रिकेतले डच रिफॉर्म्ड चर्च पाहा. त्यांच्या भाविकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. रविवार कडकडीत पाळला जाई, घरोघरी बायबलवाचन होई. दूरच्या शेतांवरची कुटुंबे प्रभुभोजनासाठी बैलगाड्या जुंपून गावात येत आणि चर्चभोवतीच्या मोकळ्या चौकात मुक्काम ठोकत. प्रभुभोजन वर्णभेद न करता सर्वांना एकत्रच द्यायचे, असे त्यांच्या केपमधल्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, १८२९ मध्ये ठरवलेही होते. पुढे १८५७ मध्ये हा विषय पुन्हा आला. नवख्रिस्ती बांधवांना आहे त्याच मंडळीत सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, हे सिनडने याही वेळी मान्य केले. मात्र ‘काहींच्या दुबळेपणापायी’ जिथे ते जमत नसेल तिथे या बांधवांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी, अशी पुस्ती जोडली. आता यात दुबळे कोण? काळ्या माणसाशेजारी बसून एकाच मेजावरची भाकर खाणे ज्यांना जड जात होते, ते गोरे सभासद.

पंक्तिप्रपंच म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. केपमध्ये ती पुस्ती हळूहळू नियम झाली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्चच निघाले आणि १९४८ नंतर सरकारने अपार्टहाइड, म्हणजे वर्णभेदाचे धोरण, राबवले तेव्हा त्याला शास्त्राधार पुरवणारे धर्मपंडित याच चर्चमध्ये होते. या सगळ्या काळात प्रार्थना थांबली नव्हती, स्तोत्रे गायली जातच होती.

अशा वेळी ‘बाहेरचे सोडा, अंतःकरण पाहा’ हा उपदेश ठरलेला. पण इथे तो उपयोगाचा नाही. उलट घातक आहे. ख्रिस्तात आपण सारे एकच, पण ती एकी आत्मिक, इमारती काय वेगळ्या असल्या तरी चालतील, हा बचाव याच चर्चच्या पंडितांनी केला होता. अंतःकरणाची ढाल करून त्यांनी आज्ञा चुकवली. करिंथकरांना लिहिताना पौलाने त्यांच्या भक्तीची खोली मोजली नाही. तुमच्यातले काही आधी जेवून मोकळे होतात आणि काही उपाशी राहतात, तेव्हा हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे त्याने सुनावले. कोण केव्हा जेवला, कोण तसाच राहिला, ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट त्याने धरली. आज्ञापालनही बाहेरच घडते, चारचौघांत, आणि त्याची किंमत द्यावी लागते.

बायर्स नोदे यांनी ती दिली. ते याच चर्चच्या जोहान्सबर्गमधल्या एका प्रतिष्ठित मंडळीचे पाळक होते. गोऱ्या आफ्रिकानेर पुढाऱ्यांच्या ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे वडील होते आणि ते स्वतःही तिचे सभासद होते. १९६० मध्ये शार्पव्हिल इथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली आणि ते हादरले. १९६३ मध्ये संघटना सोडून त्यांनी वर्णभेदविरोधी ख्रिस्ती कार्य पत्करले, तेव्हा पाळकपद गेले. आज्ञा देवाची मानायची की माणसांची, या प्रेषितांच्या प्रश्नावर बोलून त्यांनी मंडळीला आपला निर्णय कळवला. १९७७ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम बजावला. तो सात वर्षे टिकला. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटायची मुभा नव्हती.

१९८२ मध्ये कॅनडातल्या ओटावात जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांची परिषद भरली. सुरुवातीलाच प्रभुभोजन होते. मिशन चर्चचे पाळक ॲलन बूसाक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आणखी काही काळ्या व मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी ते घ्यायला नकार दिला. मायदेशी हे गोरे आम्हाला आपल्या मेजावर घेत नाहीत, मग परदेशात त्यांच्यासोबत भाकर मोडायचा देखावा कशाला, हे त्यांचे म्हणणे. विधी मोडणारे हेच लोक त्या दिवशी विधीचा अर्थ सांभाळत होते, असे मला वाटते. परिषदेने अपार्टहाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले, दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित केले आणि बूसाक यांना अध्यक्ष निवडले. त्याच वर्षी मिशन चर्चने बेलहार इथे आपल्या श्रद्धेचे निवेदन तयार केले आणि १९८६ मध्ये ते स्वीकारले. मंडळीची एकी डोळ्यांना दिसली पाहिजे, असे त्यात साफ म्हटले आहे. ज्यांना वेगळ्या इमारतीत पाठवले होते, त्यांच्याच चर्चने ते मांडले.