पाचपैकी पाच

गेल्या पावसाळ्यात आईच्या डाव्या पायाचं एक बोट कापावं लागलं. करंगळीच्या शेजारचं. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी ड्रेसिंगसाठी गेलो होतो, बाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा एक मुलगी टॅब घेऊन शेजारी येऊन बसली. कुठल्याशा कॉलेजची विद्यार्थिनी होती. दीर्घकाळचा आजार असलेल्या पेशंटना त्यांच्या उपचारांचा अनुभव कसा आहे, याचा सर्व्हे चालू होता. "आजी, पाच मिनिटं देता का?" आईनं लगेच दिली. तिला कुणी काही विचारलेलं आवडतं.

डॉक्टर तुमचं म्हणणं ऐकून घेतात का? नेहमी. औषध कशासाठी आहे ते समजावून सांगतात का? नेहमी. पायांची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं होतं का? आईनं पट्टी बांधलेल्या पायाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सांगितलं की. नेहमीच सांगतात."

हे खोटं होतं. आईला एकोणीस वर्षं शुगर आहे. त्यातल्या निम्म्याअधिक भेटींना फाईल मांडीवर घेऊन मी तिच्या शेजारी बसलेली आहे. एकोणीस वर्षांत तिला कुणी चप्पल काढायला सांगितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणाले, "नाही, कुणी सांगितलं नव्हतं." मुलीचं बोट टॅबवर अधांतरी थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "मग कुणाचं लिहू?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

आधी पायाचं सांगते. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. खडा टोचला, पट्टा घासला तरी कळत नाही. तपासायला यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक जाड दोरा असतो, दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तो तळव्याला टेकवून "लागतंय का?" एवढंच विचारायचं. वर्षातून एकदा हे करावं असं सगळी मार्गदर्शक पुस्तकं सांगतात. काम काही मिनिटांचं. आईनं जूनमध्ये नवी पावसाळी चप्पल घेतली. आगाशीच्या घराच्या अंगणात पाणी साचलेलं, दिवसभर पाय ओले. जखम तिला दिसली तेव्हा बोट काळं पडायला लागलं होतं.

आता या बाईनं पाचपैकी पाच का दिले असतील?

पहिलं कारण सरळ आहे. ती त्याच दवाखान्याच्या बाकावर बसली होती, आतून नाव पुकारलं जाणार होतं, आणि टॅबवर बोललेलं आत ऐकू जात नाही यावर तिचा विश्वास नव्हता. माझाही फारसा नाही. दुसरं कारण कृतज्ञतेचं. याच डॉक्टरांनी एकदा रात्री साडेअकराला फोन उचलला होता. वडिलांच्या वेळेला. अशा माणसाला तीन मार्क कसे द्यायचे? ही दोन्ही कारणं सर्व्हे करणाऱ्यांना ठाऊक असतात. म्हणून ते नाव लिहून घेत नाहीत, दवाखान्याबाहेर गाठतात, घरी फोन करतात. केंद्र सरकारनं 2016 मध्ये 'मेरा अस्पताल' सुरू केलं, त्यातही पेशंट घरी गेल्यावर एसएमएस किंवा फोन करून समाधानी आहात का, नसाल तर कशामुळे, असं विचारायची सोय आहे.

मला अडचणीत टाकतं ते तिसरं कारण. तिला खरंच तसं वाटत असेल तर?

अमर्त्य सेन यांनी एका जुन्या पाहणीचा दाखला अनेकदा दिला आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं गेलं. आजारी आहोत किंवा तब्येत बरी नाही, असं विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी सांगितलं. विधवांपैकी अडीच टक्क्यांनी. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बंगालातल्या विधवांची तब्येत ठणठणीत होती असं कोण मानेल? 'मला काही होतंय' हा विचार करायची परवानगीच त्यांनी स्वतःला दिलेली नव्हती. सेन दुसरं उदाहरण देतात ते केरळ आणि बिहारचं. आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक आजाराच्या तक्रारी जास्त सांगतात, बिहारमध्ये कमी. शिक्षण आणि दवाखाने जवळ आले की माणसाला आपलं दुखणं दुखणं म्हणून ओळखू येतं. म्हणजे नुसतं 'बरं आहे का?' विचारून केलेली मोजणी उलटी फळंही देऊ शकते. जिथे काहीच मिळत नाही तिथले लोक सर्वांत समाधानी.

समाधान मोजण्यात आणखी एक धोका आहे. 2012 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांवर सर्वांत जास्त खूश असलेल्या पेशंटांचा औषधांवरचा खर्च जास्त निघाला, ते हॉस्पिटलात जास्त वेळा दाखल झाले आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. एकामुळे दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आमच्या भागात सलाईन लावणारा डॉक्टर चांगला समजला जातो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फारसं आश्चर्य वाटू नये.

म्हणून काही संशोधकांनी प्रश्नच बदलला. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या एडवर्ड वॅग्नर यांनी नव्वदच्या दशकात मांडलं, की आपले दवाखाने अचानक आलेल्या दुखण्यासाठी बांधलेले आहेत: या, दाखवा, औषध घ्या, जा. जन्मभराच्या आजाराला हा साचा चालत नाही. त्या मांडणीवरून रसेल ग्लासगो, वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात खूश आहात का यावर फारसा भर नाही. गेल्या सहा महिन्यांत अमुक घडलं का, आणि किती वेळा, हेच मुख्यतः. मी ती घरी आणून, माझ्या मराठीत करून, एका रविवारी आईला वाचून दाखवली. जेवणं झाल्यावर, डॉक्टर मैलभर दूर असताना.

उपचार ठरवताना तुझं मत विचारलं का, या अर्थाच्या प्रश्नावर ती म्हणाली, "मला कळत असतं तर तिकडे गेले असते कशाला?" तुझी उद्दिष्टं काय असं विचारलं का? यावर ती मोकळेपणानं हसली. "मी काय तिथे नोकरी मागायला गेले होते?" भेटीनंतर कसं चाललंय हे विचारायला कुणी फोन केला का? केला, लॅबवाल्यांनी, संपूर्ण बॉडी चेकअपवर पन्नास टक्के सूट होती म्हणून. अडचणीच्या दिवसांत काय करायचं याची आखणी करून दिली का? इथे ती गप्प झाली. मलाही आठवलं. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात होतं, गाड्या बंद, वीज नाही, आणि फ्रिजमध्ये इन्सुलिन. आईनं शेजारणीला विचारून ते डब्यात घालून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवलं होतं. अक्कल दोघींची. पुढच्या भेटीत त्याबद्दल ना कुणी विचारलं ना आम्ही सांगितलं.

तर ही प्रश्नावली जास्त प्रामाणिक आहे, एवढं मला पटलं. 'घडलं का' याला 'आवडलं का' इतकी लाज किंवा भीड आड येत नाही. तरी पायांच्या प्रश्नावर ती त्या रविवारीही 'सांगतात' असंच म्हणाली. मी चिडले. म्हटलं, कधी सांगितलं? तारीख सांग. ती म्हणाली, "ते म्हणतात ना प्रत्येक वेळी, काळजी घ्या म्हणून."

काळजी घ्या. हे दोन शब्द खरोखरच दर वेळी म्हटले गेले होते. तिनं ते शब्द पायापर्यंत ताणले होते.

आपल्याकडची सरकारी मोजणी वेगळ्याच गोष्टीची असते. आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात: तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला शुगर-बीपी. 2023 मध्ये केंद्रानं ठरवलं, की 2025 अखेर बीपी आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं. मोठं आणि गरजेचं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण अशा मोजणीत आई यशाच्या रकान्यात बसते. निदान झालेलं, औषध चालू, तीन महिन्यांची शुगर आठच्या आत. बोट काळं पडत होतं त्या आठवड्यातही ती त्याच रकान्यात बसली असती.

म्हणजे आकड्यांना दिसलं नाही, आईनं सांगितलं नाही, आणि मला मात्र सगळं माहीत. त्या बाकावर मी असंच समजत होते. आईच्या अनुभवाची खरी साक्षीदार मी.

इथे मला थोडं मागे यावं लागतं. एकोणीस वर्षांत आईचे पाय मी तरी कधी पाहिले होते? मी विरारला राहते, आगाशी रिक्षानं किती लांब? दर रविवारी जायचे. गोळ्यांचे डबे भरायचे, साखर मोजायचे, कुणी दिलेली सुकेळी तिच्या हातून काढून घ्यायचे, त्यावरून भांडायचे. पायांकडे बघ असं मलाही कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण बँकेत पंचवीस वर्षं काढलेली, मोबाईलवर जगाची चौकशी करणारी बाई मी. "नाही, कुणी सांगितलं नव्हतं" हे वाक्य त्या बाकावर माझ्या तोंडून इतक्या तत्परतेनं का निघालं? त्यात आईची बाजू किती होती आणि माझ्या वाटचा दोष डॉक्टरांच्या खात्यावर टाकणं किती? आईच्या 'नेहमी'वर भीड आणि सवय यांचा रंग होता, तर माझ्या 'नाही'वर अपराधाचा. दोन रंगीत काचांमधली एक दुसरीपेक्षा स्वच्छ आहे असं म्हणायला मला आता धीर होत नाही.

पेशंटला आपलं हित कळत नाही, म्हणून त्याच्या वतीनं आपण उत्तर देऊ, हे म्हणणं फार सोपं आहे. पण नेमकं हेच तर दवाखाना म्हणत आला होता. तुम्हाला काय कळतंय, गोळी घ्या. मी फक्त खुर्ची बदलली होती.

महाराष्ट्रात याला एक वेगळं उत्तर देऊन झालेलं आहे, आणि त्यात आमचा जिल्हाही होता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता, आणि पालघर तेव्हा ठाण्यातच होता. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती. गावातली माणसं एकत्र बसायची, आरोग्य केंद्रात काय मिळतं काय नाही यावर बोलायची आणि तक्त्यावर रंग भरायची: हिरवा, पिवळा, लाल. मग जनसुनवाई, अधिकाऱ्यांसमोर. एकट्या बाईला विचारलं तर 'बरं आहे' म्हणेल. पण शेजारची बोलली की हिलाही आठवतं. आपलं दुखणं हे आपलं नशीब नसून कुणाचं तरी न केलेलं काम आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर समजतं. सिंगूरच्या त्या विधवांना कुणी एकत्र बसवून विचारलं असतं तर अडीच टक्के राहिले असते का, असं मनात येतं.

अर्थात ते गावाच्या केंद्राचं झालं. शुगरवाले पेशंट कुठे एकत्र येतात? आमच्याकडे येतात, ओट्यावर. आईची एक मैत्रीण शेजारच्या वाडीतून, एक समोरून. तिघींना शुगर. एका संध्याकाळी मी आत चहा टाकत होते, आणि आई बाहेर सांगत होती: "आधी पाहिलं असतं ना कुणी, तर बोट वाचलं असतं. पण बाहेर पन्नास माणसं. त्या बिचाऱ्यानं किती जणांचे पाय बघायचे?"

मी चमचा हातात धरून उभी राहिले. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कुणी पाहिलं नाही हेही, आणि पाहिलं असतं तर काय झालं असतं हेही. तिनं हिशोब केला होता आणि त्यातून बाहेरची पन्नास माणसं वजा केली होती. फॉर्म विचारत होता सेवा कशी आहे. ती मार्क देत होती माणसाला. त्या गर्दीत बसून त्याला जेवढं करता आलं, त्याचे पाच. याला मी 'सवयीनं बोथट झालेली अपेक्षा' म्हणणार होते. सिंगूरचा दाखला देऊन.

मात्र पन्नास माणसांना एकच डॉक्टर का, हे तिच्या पाचांमुळे कुणाला कधी कळणार नाही. तिची क्षमा त्या एका माणसापुरती आहे. आकड्यात गेली की ती सगळ्या व्यवस्थेला मिळते. ते तिला अभिप्रेत नव्हतं. निदान मला असं वाटतं. तिला विचारलेलं नाही.

मला विचाराल तर तिचे पाच तसेच राहू द्यावेत, त्यांना कुणी हात लावू नये, मीसुद्धा नाही. आणि त्यांच्याशेजारी असा एक प्रश्न असावा, ज्याला भीड, कृतज्ञता, क्षमा यांपैकी काहीच चिकटू शकणार नाही. गेल्या वर्षभरात कुणी तुमचे पाय हातात घेऊन पाहिले का? हो किंवा नाही. 'काळजी घ्या' हे शब्द तिथपर्यंत ताणता येणार नाहीत. तोच प्रश्न घरच्यांनाही वेगळा विचारावा.

त्या दिवशी बाकावर त्या मुलीनं शेवटी 'नेहमी'च दाबलं. उत्तर पेशंटचंच घ्यायचं असा त्यांना नियम होता, आणि नियम बरोबरच आहे. पण तिला माझी दया आली असावी, कारण शेवटी शेऱ्याचा एक रकाना उघडून तिनं टाइप केलं: 'मुलीचं मत वेगळं.' मी विचारलं, याचं पुढे काय होतं? म्हणाली, "शेऱ्यांची बेरीज होत नाही, काकू." मग आतून आईचं नाव पुकारलं.