सुटा टॅग

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ आल्याची शेती करत. घरात एक कार होती. पुढे माल स्वतःच पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायचा ठरला, तेव्हा त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. कारला फास्टॅग होता, पिकअपला नव्हता. आधीच्या मालकाने गाडी विकताना आपला टॅग बंद करून घेतला होता, आणि ते त्याने योग्यच केलं होतं.

"दुसरा टॅग कशाला, दादा?" धाकटा म्हणाला. कारचा टॅग काचेवर कधी चिकटवलेलाच नव्हता, पुठ्ठ्यावर लावून कप्प्यात ठेवलेला होता. "हाच पिकअपमध्ये न्यायचा. रिचार्ज तरी एकाच ठिकाणी होईल."

थोरल्याला ते पटलं नव्हतं, पण तो गप्प बसला.

आबांनी मात्र जेवता जेवता विचारलं, "बाराव्या गटाचा सातबारा दाखवून तेराव्या गटावर कर्ज काढशील का रे?"

"आबा, इथं कोण बघतंय?"

आणि खरंच, पहिले काही दिवस कुणी बघितलं नाही. पुण्याच्या वाटेवरच्या आनेवाडी आणि खेड शिवापूर, दोन्ही टोलनाक्यांवर पिकअप कारच्या दरात सुटली. हा फरक थोडाथोडका नसतो. २००८ च्या टोल नियमांत मूळ दर कारला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि हलक्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे असा आहे. हे दर दरवर्षी बदलतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. धाकट्याला वाटलं, आपण दर खेपेला कमावतोय.

कधीकधी मात्र खोळंबा व्हायचा. टॅग वाचणारं यंत्र लेनच्या वर बसवलेलं असतं. आतून, आरशामागे काचेला चिकटवलेला टॅग ते चालत्या गाडीतून वाचतं. हातात धरलेला टॅग कधी वाचला जातो, कधी नाही. मग नाक्यावरची मुलगी उन्हातून हातातलं मशीन घेऊन पळत यायची. मागच्या रांगेत कुणाचा भाजीचा टेम्पो असे, कुणी आजारी माणसाला घेऊन निघालेलं असे. या मागच्या माणसांचा विचार आपण फार कमी करतो. आपले वाचलेले पैसे दिसतात, त्यांचा गेलेला वेळ दिसत नाही.

एके दिवशी दोन्ही गाड्या अंगणात उभ्या असताना थोरल्याच्या मोबाइलवर मेसेज आला, नाशिक रस्त्यावरच्या एका नाक्यावर टोल कापला गेला होता. थोरला संतापला. त्याने १०३३ वर फोन केला, बँकेकडे तक्रार नोंदवली, अंगणातल्या गाड्यांचे फोटो पाठवले.

बँकेने त्या व्यवहाराचा नाक्यावरचा फोटो मागवला. फोटोत भलतीच गाडी होती. कुणीतरी नंबर हाताने टाकताना एक आकडा चुकवला होता. पैसे परत आले. थोरला घरभर सांगत सुटला, "कॅमेरा खोटं बोलत नाही!"

आठवडाभराने दुसरा मेसेज आला. टॅग ब्लॅकलिस्ट झाला होता.

तो तडक बँकेत गेला. तिथल्या बाईंनी शांतपणे स्क्रीन त्याच्याकडे वळवली. एकामागून एक फोटो होते. प्रत्येकात टॅग कारचा, लेनमध्ये पिकअप, मागे आल्याच्या गोण्या, नंबरप्लेट स्वच्छ वाचता येणारी. नाक्यावरची यंत्रणा गाडीचा प्रकार स्वतः ओळखते. टॅगवर नोंदलेला प्रकार आणि समोरची गाडी जुळली नाही, की फोटोसह फरकाची मागणी बँकेकडे जाते. तुमची तक्रार आली म्हणून टॅगचा मागचा हिशोब उघडला, तेव्हा हे सगळं निघालं, असं त्या म्हणाल्या. फरकाची रक्कम खात्यातून वळती झाली होती. शिवाय 'एक वाहन, एक फास्टॅग' हे धोरण महामार्ग प्राधिकरणाने २०२४ मध्येच आणलेलं आहे आणि काचेवर न चिकटवलेले सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय जुलै २०२५ चा आहे, हेही त्यांनी सांगितलं.

घरी येऊन थोरला म्हणाला, "असे फोटो काय, कुणीही दाखवेल."

आबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "मागल्या आठवड्यात कॅमेऱ्याचा शब्द खरा धरून पैसे घेतलेस. आज त्याच कॅमेऱ्याला खोटं कसं म्हणशील? टॅगवर गाडीचं नाव आहे. ते नाव खरं राहिलं, तरच ते तुझ्या बाजूनं बोलेल. तुम्ही ते दुसऱ्या गाडीला लावलंत, आणि आपणच खरे, असंही तूच म्हणतोस."

थोरला काही बोलला नाही. धाकटाही मान खाली घालून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी पिकअप यार्डात न्यायचीच होती, आणि टॅग बंद. धाकट्याने दोन्ही नाक्यांवर यूपीआयने सव्वापट टोल भरला. रोखीने भरला असता तर दुप्पट झाला असता. माल उतरवून परतल्यावर तो पिकअपची आरसी घेऊन गेला, केवायसी केली, मालवाहू गाडीचा स्वतंत्र टॅग काढला. कारसाठीही नवा घेतला. दोन्ही टॅग काच पुसून आतून पक्के चिकटवले. एकदा चिकटलेला टॅग ओढून काढला तर फाटून निकामी होतो. तो ज्या गाडीचा, त्याच गाडीवर राहावा म्हणूनच तो तसा बनवलेला असतो.

महिन्याभराने शेजारचा मित्र आला. त्याला रात्रीत पुण्याला जायचं होतं, टॅगमध्ये पैसे नव्हते. "तुझ्या कारचा देतोस का? सकाळी आणून देतो."

"टॅग मिळायचा नाही," धाकटा म्हणाला, "तुझा गाडी नंबर सांग." आणि त्याने आपल्या मोबाइलवरून मित्राच्या टॅगमध्ये पाचशे रुपये भरले.