नको म्हणण्याचा हक्क

परदेशात जाऊन परक्यांची घरं बांधणाऱ्या स्वयंसेवकांवर एक हिशेबी आक्षेप नेहमी घेतला जातो: विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तिथल्याच गवंड्यांना कितीतरी दिवस काम मिळालं असतं. आक्षेप खरा आहे, पण तो मजुरीपुरता. त्याहून अवघड प्रश्न असा, की ज्याचं घर आहे त्याला या पाहुण्यांना ‘नको’ म्हणता येतं का?

इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना साधारण हेच सुनावलं होतं. काम करायचंच असेल, तर तुम्हाला तोंडावर ‘चालते व्हा’ म्हणू शकतील अशा आपल्याच देशातल्या गरिबांत करा.

आपल्याकडे इर्जिक होती. आज तुझ्या शेतात सगळ्यांचे बैल, उद्या माझ्या. मदत घेणारा मिंधा होत नसे, कारण फेड ठरलेली होती. विमानानं आलेल्याची फेड कशी करायची? अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’नं यावर एक उत्तर काढलं: घरमालकानं स्वतः बांधकामावर राबायचं आणि बिननफ्याचं कर्ज फेडायचं. लोणावळ्याजवळ २००६ मध्ये जिमी कार्टर राबले, ते याच संस्थेच्या घरांवर. कर्जामुळे घेणारा याचक राहत नाही, हे खरं. पण माजी राष्ट्राध्यक्ष दारात उभा असताना भिंत वाकडी झालीय, असं तो म्हणेल का?

पिएर सेरेझोल या स्विस शांततावाद्यानं १९२० साली व्हर्दंजवळचं युद्धात उद्ध्वस्त झालेलं एक गाव उभारायला घेतलं. त्याच्या तुकडीत जर्मनही होते. गावात विरोध वाढला आणि काही महिन्यांत काम आटोपावं लागलं. ही फसलेली मोहीम मला महत्त्वाची वाटते. बेघर असूनही गावकऱ्यांना मदत नाकारता आली आणि पाहुण्यांना ती नाकारणी मानावी लागली.

पुढे १९३४ च्या भूकंपानंतर सेरेझोल बिहारमध्ये गावं उभारायला आला. हेतू तोच होता, निष्ठाही तीच. पण इंग्रजी अमलाखालच्या, छप्पर गमावलेल्या शेतकऱ्याला गोऱ्या माणसाला परत पाठवणं कितपत शक्य होतं? तिथं विरोध झाला नसेल, तर त्या शांततेला होकार म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. आज पिशवी भरून निघणाऱ्या स्वयंसेवकानंही तो जाण्याआधी स्वतःला विचारायला हवा.