बेबाकीचा आग्रह

बारावीचा निकाल जवळ आला की अर्थविषयक पुरवण्यांतून, बँकांच्या मेळाव्यांतून आणि करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांतून एक सल्ला हमखास मिळतो: पोरगं शिकायला बाहेर पडण्याआधी घरावरचे कर्ज निल करा, म्हणजे बेबाक व्हा. ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला तो लगेच पटतो. पण बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली–खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरसारख्या गावात, जिथे सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावर घराचे वर्ष बेतलेले असते, तिथे या सल्ल्याचा पोकळपणा दोन-चार आकडे मांडताच उघडा पडतो. सल्लागाराच्या डोळ्यांपुढे दर महिन्याच्या एक तारखेला जमा होणारा पगार असतो. इथे पैसा ऑक्टोबरात एकदा येतो, जानेवारी ते मार्चमध्ये थोडा येतो, आणि जूनमध्ये फक्त जातो.

या विषयावर इतरही मते आहेत. कर्जमाफीने सगळे सुटेल म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन माफ्या होऊनही चौथीची मागणी उभी राहिली. शिक्षण ही गुंतवणूकच, कितीही कर्ज काढा, असे म्हणणारे बहुधा संस्थाचालक असतात. शिकून तरी काय दिवे लावणार, हा प्रश्न विचारणाऱ्यांची स्वतःची मुले पुण्यात असतात. बेबाकीवाल्यांचे मत मात्र असे एका ओळीत निकालात काढता येत नाही, कारण ते शहाणपणाच्या वेशात येते आणि सज्जन माणसे ते मनापासून सांगतात.

शेतकऱ्याच्या कर्जाचा इतिहास इथे पुन्हा उगाळायला नको. १८७५ चे दख्खनचे दंगे, १८७९ चा कायदा, फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ एवढे म्हटले तरी पुरे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी मांडलेला मुद्दा तेवढा लक्षात ठेवावा: सारा रयत भरते आणि त्या पैशावरचे उच्च शिक्षण वरच्या वर्गाच्या पदरात पडते. कर्ज आणि शिक्षण हे दोन वेगळे विषय नाहीत, हे तेव्हाच सांगून झाले होते.

वऱ्हाडाने हे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातात पाहिले. डॉ. पंजाबराव देशमुख १९३० ते १९३३ या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. कर्ज लवाद कायदा १९३३ चा, आणि अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणीही त्याच सुमाराची. त्या कायद्याची रीत पाहण्यासारखी आहे. सावकार आणि कुळ लवाद मंडळापुढे बसत, फुगवलेली रक्कम तडजोडीने खाली येई आणि उरलेल्या रकमेचे वर्षावर्षाचे हप्ते बांधले जात. ‘आधी फेडा, मग पोराला शाळेत घाला’ अशी अट कुठे नव्हती. पंजाबरावांनी कर्ज संपण्याची वाट पाहिली असती, तर वऱ्हाडातल्या कुणब्यांच्या दोन पिढ्या वसतिगृहाची पायरी चढल्या नसत्या.

आता बेबाकीवाल्यांचा हिशेब त्यांच्याच पाटीवर मांडू. समजा, पाच एकर कोरडवाहू रान आहे. वडिलांच्या नावावर सेवा सहकारी सोसायटीचे एक लाखाचे पीककर्ज आहे. थोरली पुण्याला अभियांत्रिकीला जाण्याच्या बेतात आहे, आणि तूर-हरभरा विकून हातात लाखभर रुपये आले आहेत. सल्ला मानून त्यांनी मार्चमध्ये कर्ज भरले आणि पुन्हा उचलले नाही. व्याज किती वाचले? तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर केंद्राच्या सवलतीने सात टक्के पडतो. मुदतीत भरले तर तो चारवर येतो, आणि उरलेला भार राज्याची पंजाबरावांच्याच नावाची व्याज सवलत योजना उचलते. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला हे कर्ज शून्य टक्क्याने मिळते. तेव्हा वाचले शून्य.

मग जून लागतो. बियाण्याच्या बॅगा, खत, पेरणीचे भाडे, आणि त्याच महिन्या-दीड महिन्यात वसतिगृहाची अनामत, मेसचे आगाऊ पैसे, प्रवेशाचा पहिला हप्ता. हात रिकामे. शेवटी एक लाख रुपये खासगीतून, शेकडा तीन रुपये महिन्याने. सोयाबीन येईपर्यंत, चार महिन्यांत, नुसते व्याज बारा हजार. परवान्याशिवाय सावकारी करणे २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण जूनमध्ये पैशाची नड असलेला माणूस कायद्याचे पुस्तक घेऊन पैसे मागायला जात नाही. शून्य टक्क्याचे कर्ज मिटवून छत्तीस टक्क्यांचे घेणे याला बेबाकी म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे.

यावर त्यांचे एक ठरलेले उत्तर असते. सातबारा कोरा झाला की तीच जमीन मुलांच्या शिक्षणासाठी तारण ठेवता येते, असे ते सांगतात. ऐकणाऱ्याला ‘इतर हक्क’ या रकान्यातली बँकेच्या बोज्याची नोंद दिसते आणि मुद्दा पटतो. प्रत्यक्षात साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण मागायचेच नसते. त्यावरच्या रकमेला तारण लागते. पण थकीत कर्जाची मालमत्ता बँकेने कोर्टाबाहेर ताब्यात घ्यायचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. जी वस्तू सहज विकून वसुली करता येत नाही, ती बँक तारण म्हणून नाखुशीनेच घेते. तिला घर, प्लॉट किंवा मुदतठेव हवी असते. कोऱ्या सातबाऱ्याला मान आहे, अर्थ आहे, त्यावर निवडणुका लढवल्या जातात. शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मात्र त्याचे फारसे मोल नाही.

दुसरे उत्तर नैतिक असते: कर्जात राहण्याची सवय वाईट. मग खामगावच्या व्यापाऱ्याचे काय? त्याचे कॅश क्रेडिट खाते वर्षानुवर्षे कर्जातच असते. दर वर्षी त्याचे नूतनीकरण होते, आणि त्याचा मुलगा पुण्या-मुंबईला शिकायला निघाला तर ‘आधी सीसी बंद करा’ असे त्याला कोणी म्हणत नाही. ते खेळते भांडवल आहे, हे सगळ्यांना समजते. पीककर्ज हेही खेळते भांडवलच आहे. फरक एवढाच की एक पेढीवर खेळते आणि दुसरे वावरात.

इथेच खरा फरक आहे, आणि सध्याच्या चर्चेत नेमका तोच हरवतो. कर्जे दोन प्रकारची असतात: संपवायची आणि चालू ठेवायची. खासगी सावकाराचे, सोनेतारणाचे, मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्याचे, लग्नासाठी पाहुण्याकडून आणलेले, ही संपवायची. त्यांच्याबाबत बेबाकीवाले शंभर टक्के बरोबर आहेत, आणि मूल दहावीत असतानाच त्यांच्या मागे लागावे. पीककर्ज चालू ठेवायचे असते. त्याची रक्कम किती, याला दुय्यम महत्त्व आहे. खाते नियमित आहे की थकीत, यावर सगळे ठरते.

गावाला हे कळते. म्हणून तर ‘नवं-जुनं’ ही रीत टिकून आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या गटसचिवाभोवती गर्दी असते. कोणी अडत्याकडून, कोणी मेव्हण्याकडून तीन-चार दिवसांसाठी रक्कम आणतो आणि जुने कर्ज भरतो. इतर बँकांचे बेबाकी दाखले जोडून नव्या कर्जाच्या कागदावर सही करतो, पैसे उचलतो आणि ज्याचे त्याला परत देतो. शहरी टीकाकाराला हा खोटा खेळ वाटतो. त्यात काही अंशी तथ्य आहे, कारण त्या चार दिवसांचेही काही जण व्याज घेतात आणि कर्ज जिथल्या तिथे राहते. पण हा खेळ खाते चालू ठेवतो, आणि मूल कॉलेजात जाणार असेल त्या वर्षी चालू खात्यापेक्षा मोलाचा कागद घरात दुसरा नसतो.

कारण शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर निघाले तरी आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अर्ज करताच वडिलांचा सिबिल, म्हणजे पतगुणांचा अहवाल, निघतो. अल्पमुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की बँकेच्या पुस्तकात ते अनुत्पादक ठरते, पण उशिराचा डाग त्याआधीच लागलेला असतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की विद्यार्थ्याचा सिबिल गुण कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. निकाल चांगला आहे. पण प्रवेश फेरीची मुदत चार दिवसांवर आलेली असताना अमडापूरचा बाप हायकोर्टात जाणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदार नाही. मात्र मंजुरीच्या वेळी ती देशातल्या निवडक ८६० संस्थांपुरती होती, आणि गावाकडची बहुसंख्य मुले ज्या खासगी महाविद्यालयांत जातात ती त्या यादीबाहेर आहेत.

बेबाकीचा आग्रह आणि कर्जमाफीचे राजकारण एकमेकांचे वैरी वाटतात. दोघांचा हिशेब मात्र एकच: रक्कम शून्य झाली पाहिजे. एक म्हणतो शेतकऱ्याने शून्य करावी, दुसरा म्हणतो सरकारने. खाते चालू राहिले की नाही, हे दोघेही विचारत नाहीत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने कर्जमाफीचे आश्वासन दिले. माफी येणार म्हटल्यावर भरणा आखडतो, त्यात नवल नाही. मग २८ मार्च २०२५ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ३१ मार्चच्या आत पीककर्जाचे पैसे भरा, असे सांगितले. हाती उरले तीन दिवस. ज्याने आश्वासनावर विसंबून सोयाबीनचा पैसा दुसरीकडे वळवला होता, त्याने तो तीन दिवसांत कुठून आणावा? त्या वर्षी ज्याच्या घरात बारावी होती, त्याच्यावर हे आश्वासन उलटले असणार.

बुलडाणा जिल्ह्याने याहून मोठा धडा आधीच घेतला आहे. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला परवाना नाकारला आणि गावोगावच्या सोसायट्यांचा पैशाचा झराच आटला. सरकारी मदतीनंतर बँक पुन्हा उभी राहिली, पण मधल्या वर्षांत नवं-जुनं करायला खातेच चालू नव्हते. त्यामुळे जिल्हा कर्जमुक्त झाला का? पेरण्या थांबल्या नाहीत, मुलांचे प्रवेश थांबले नाहीत. ज्याला जमले तो राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पतसंस्थेत गेला, बाकीचे खासगीत. एक चालू कर्ज बंद पडले की त्याच्या जागी संपवायची कर्जे उभी राहतात, याचे याहून मोठे उदाहरण शोधायला दूर जायला नको.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की पीककर्ज म्हणून उचललेला पैसा पिकात जातोच असे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या एकूण कर्जापैकी ५७.५ टक्केच शेतीच्या कामासाठी घेतलेले आढळले. म्हणजे उरलेल्यात दवाखाना, लग्न, घर आणि शिक्षण आले. दुसरा असा की पिकाला भाव नसेल तर चालू ठेवलेले खातेही एक दिवस थकणारच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर असताना बाजारात त्याहून कमी दराने माल गेला, त्यात सप्टेंबरची अतिवृष्टी. हे दोन्ही मान्य. पण दोन्हींचा रोख भावावर आणि घरखर्चाच्या शिस्तीवर आहे. आधी बेबाक व्हा, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. उलट, मुलांच्या खर्चाला स्वतंत्र, त्यांच्या नावावरची, शिक्षण संपल्यानंतर फेडायची वाट मिळाली तरच पीककर्ज पिकात राहील. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले. तेवढा भार खरोखर उतरला. पण खोलीभाडे आणि मेस त्यात नाहीत, आणि गावाबाहेर शिकणाऱ्या पोरीचा रोजचा खर्च तिथेच असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली कर्जमाफीसाठी आंदोलन झाले. त्यानंतर सरकारने प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे सांगितले. निकष कोणतेही ठरोत, त्यांत दोन गोष्टी असायला हव्यात. खाते चालू ठेवणाऱ्याला थकवणाऱ्याइतकाच लाभ मिळावा. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंतचे अनुदान होते आणि थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंतची माफी, आणि या तफावतीतून गावाने जो बोध घ्यायचा तो घेतला. दुसरे म्हणजे, माफीची घोषणा आणि अंमल यांच्या मधल्या काळात थकलेले पीककर्ज शैक्षणिक कर्जाच्या छाननीत मोजू नये, असा आदेश बँकांना असावा. नाहीतर ३० जूनला निर्णय आला तरी शैक्षणिक कर्जाचा अर्ज त्याच सुमारास बँकेच्या टेबलावर पडलेला असेल, आणि त्याला जोडलेल्या अहवालात वडिलांच्या खात्याची मार्चअखेरची थकबाकी छापलेली असेल.