शंकासमाधान : मीन रास, तीन अंगठ्या

शंका : माझ्या मुलाचा जन्म जानेवारीतला, रास मीन. साडेसाती आहे म्हणून एका ज्योतिषांनी सव्वापाच रत्तीचा नीलम सांगितला. दुसरे म्हणतात, मीनेचा स्वामी गुरू, तेव्हा पुष्कराजच हवा. त्यात न्यू जर्सीहून नणंदेने जानेवारीचे जन्मरत्न म्हणून गार्नेटची अंगठी पाठवली आहे. कोणता खडा घालावा? काहीच न घातल्यास दोष लागतो का? – एक भगिनी, नाशिक

समाधान : ताई, दोष लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आज तरी शांत झोप लागेल.

नणंदबाईंच्या अंगठीपासून सुरुवात करू. बायबलमध्ये आरोन या याजकाच्या उरावरच्या पटात बारा रत्ने जडवल्याचे वर्णन आहे. त्या बारांचा संबंध पुढे बारा महिन्यांशी जोडला गेला, इथवर परंपरा जुनी खरी. आज दुकानात टांगलेली यादी मात्र 1912 साली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने कॅन्ससमध्ये ठरवली. ती वाढतही असते. डिसेंबरच्या रत्नांत 2002 साली टांझानाइटची भर पडली आणि हा खडा मुळात टांझानियात सापडला तोच 1967 मध्ये. त्याआधी डिसेंबरात जन्मलेल्यांचे त्यावाचून काही अडले होते का? पण आत्याने भाच्यासाठी हौसेने पाठवलेली वस्तू आहे. त्याने ती खुशाल घालावी, तिला मुहूर्त नको.

एक गंमत सांगतो. आपला गोमेद हा गार्नेटचाच एक प्रकार. तिकडे गार्नेट म्हणजे निष्ठा आणि मैत्री, इकडे त्याच कुळातला गोमेद राहूच्या वाट्याला. नीलम आणि पुष्कराज हेही एकाच खनिजाचे, कुरुंदाचे. त्यात लोह आणि टायटॅनियमचा अंश आला की निळा रंग, नुसत्या लोहाने पिवळा. क्रोमियम आले की तोच माणिक होतो आणि माणिक तर सूर्याचे रत्न! सूर्य आणि शनी या बापलेकांचे वैर ज्योतिषात प्रसिद्ध आहे, खाणीत मात्र दोघे एकाच घरचे. आपल्या दोन्ही ज्योतिषांचे भांडण तसे घरातल्या घरातच आहे.

आता साडेसाती. शनीला राशिचक्राचा फेरा करायला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत तो सुमारे अडीच वर्षे असतो. मागची रास, आपली रास, पुढची रास मिळून साडेसात. याचा अर्थ कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. नाशिकच्या बसमध्ये चाळीस माणसे असतील तर त्यातली दहाएक साडेसातीत निघायची. त्यातल्या कुणाला बढती मिळालेली असते, कुणाच्या घरी बारसे असते. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकीवर दुकान चालणार नाही तर काय?

आणि दुकानच म्हणायचे, कारण माझा खरा राग तिथे आहे. पत्रिका आतल्या खोलीत पाहायची, खडा बाहेरच्या काउंटरवर घ्यायचा, आणि ‘इथलाच घ्या, बाहेर फसवतात’ हे वर ऐकायचे. रोग सांगणाऱ्यानेच औषध विकावे, त्यावर बिलही देऊ नये, असा हा प्रकार. सव्वापाच रत्तीचेच पाहा. रत्ती म्हणजे मूळ गुंजेचे वजन, सुमारे 0.12 ग्रॅम. रत्नबाजारातली रत्ती मात्र 0.18 ग्रॅमच्या आसपास. त्याच सव्वापाचात जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो. शनिमहाराजांना यातली कोणती रत्ती मान्य आहे, हे एकदा त्या ज्योतिषांना विचारा. शिवाय नीलम तीन रात्री उशाखाली ठेवून ‘लाभतो का’ ते पाहायचे असते. एवढा महाग खडा उशाखाली ठेवून कुणाला स्वस्थ झोप लागेल? वाईट स्वप्न पडले की खडा परत, आणि त्याहून भारी दुसरा तयारच असतो.

मी या बाबतीत एकाच माणसाचे ऐकतो, तो म्हणजे वराहमिहिर. नास्तिक म्हणून त्याला कुणी बाजूला सारू शकत नाही, ज्योतिषाचा तो आधारस्तंभ. बृहत्संहितेत त्याने हिरा, मोती, माणिक, पाचू यांवर अध्याय लिहिले. चांगल्या रत्नाने राजाचे शुभ होते आणि सदोष रत्नाने अशुभ, असे तोही मानतो. पण त्याचे सारे लक्ष खडा पारखण्यावर आहे: रंग कसा, तेज कसे, दोष कोणते, मोल किती. याच ग्रंथात ज्योतिषी कसा असावा हेही तो सांगतो, आणि शास्त्र न शिकता दैवज्ञ म्हणवून मिरवणाऱ्याला चक्क पंक्तिदूषक ठरवतो. म्हणजे जेवायला पंगतीत बसवण्याच्या लायकीचा नाही. सहाव्या शतकात ही तक्रार होती, तर आज काय स्थिती असेल ते आपणच ताडा.

तरीही नीलम घ्यायची इच्छा असेल तर दागिना म्हणून घ्या. पक्के बिल घ्या, रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. खडा नैसर्गिक आहे की कृत्रिम, रंग उजळायला तापवला आहे का, आत काच भरली आहे का, हे त्यात कळते. आणि ताई, एवढ्या मोठ्या पत्रात मुलाला काय वाटते हे कुठेच आलेले नाही. बोट त्याचे आहे.

शंका : सासरे गेले. त्यांच्या बोटातली पोवळ्याची अंगठी यजमानांना घालायची आहे. गुरुजी म्हणतात, गेलेल्या माणसाचा खडा घरात ठेवू नये, तेराव्याला आम्हाला दान करा. ठेवायची असेल तर मोठी शांत करावी लागेल. – एक वाचक, सांगली

समाधान : सासऱ्यांचे घर वापरता, शेत कसता, बँकेतली ठेव नावावर करून घेता, त्यातले काही अशुभ नाही. नेमकी सोन्यात मढवलेली वस्तू तेवढी अशुभ ठरावी, आणि तीही गुरुजींच्या घरी पोचली की शुद्ध व्हावी, यातली मेख आपण ओळखलीच आहे, म्हणून तर पत्र लिहिले. गुरुजींना दक्षिणा हात आखडता न घेता द्या, तेरा दिवस त्यांनी राबून केले आहे. अंगठी यजमानांच्या बोटात राहू द्या.

शुद्धीसाठी ती पंचामृतात रात्रभर बुडवून मात्र ठेवू नका. पोवळे हे समुद्रातल्या बारीक जीवांनी रचलेले चुनखडीचे घर. दह्यालिंबाच्या आंबटाने त्याची झिलई जाते. मोत्याचेही तसेच. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा आणि देवासमोर ठेवून नमस्कार करा.

शंका : सुनेच्या हातातला पाचू अचानक तडकला. संकट खड्याने अंगावर घेतले, की येऊ घातले आहे? – एक आजी, डोंबिवली

समाधान : आजी, पाचूत मुळातच बारीक चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून बाजारात बहुतेक वेळा तेल मुरवलेले असते. गरम पाण्याने आणि साबणाने ते निघून गेले की चीर उघडी पडते, ओट्यावर हात आपटला की वाढते. सूनबाईंना भांडी घासताना अंगठी काढून ठेवायला सांगा. त्याहून बरे म्हणजे एक वेळची भांडी मुलाला घासू द्या. कोंदण शाबूत असेल तर सोनार त्यातच दुसरा खडा बसवून देईल. मजुरी आधी ठरवा आणि जुना खडा परत मागून घ्या.