हळदीची धूळ आणि विसोबांचा सवाल

उन्हाळ्यात हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे कट्टे रिते होऊ लागले की हवाच पिवळी पडते. हमालाच्या भुवया, सदऱ्याची कॉलर, टोपीची कड, सगळ्यावर तोच रंग चढतो. दुपार कलली की खाकरणे सुरू होते. त्याबद्दल कुणी छेडले तर म्हणायचे काय, हळदच तर आहे!

या म्हणण्यामागे श्रद्धा आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. नवरदेवाच्या अंगाला, कापलेल्या बोटाला, देवाच्या पायाशी हळदच लागते. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मग जे पवित्र आणि औषधी आहे, ते श्वासातून गेल्यावर अपाय करील का? प्रश्न वैद्यकाचा वाटतो खरा, पण त्याचे मूळ धर्मविचारात आहे. पावित्र्य वस्तूत असते की तिच्याशी असलेल्या आपल्या नात्यात?

श्वासनलिकेचे उत्तर सरळ आहे. शिजवून वाळवलेली हळकुंडे ड्रममध्ये घोळवून पॉलिश करताना सालीचा भुगा उडतो. त्यातले जाड कण नाकातच अडतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक असलेले पुष्कळसे खाली उतरतात. तिथे अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. त्याखालचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून अडकलेला कण घशाकडे ढकलत राहतात. कणांचा मारा वाढला की अस्तराच्या पेशी चिडतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे ग्राही रेणू जागे होतात, आतल्या जनुकांना त्या चिकट द्रवातले म्युसिन नावाचे प्रथिन जास्त बनवण्याचा निरोप जातो. अस्तरातल्या गॉब्लेट नावाच्या पेशींमध्ये या म्युसिनचे दाणे आधीच भरून ठेवलेले असतात. ते बाहेर पडून पाणी शोषतात आणि शेकडो पट फुगतात. मदतीला धावलेल्या पांढऱ्या पेशींचे विकरही हा स्राव आणखी वाढवतात. मारा वर्षानुवर्षे चालला तर गॉब्लेट पेशींचीच संख्या वाढते, अगदी ज्या बारीक नळ्यांत त्या जेमतेम असायच्या तिथेही. केस आखूड आणि दुबळे होतात. कफ बनतो खूप, निघतो कमी.

या सगळ्यात कण कुठून आला याची चौकशी कुठेच होत नाही. चुलीचा धूर, कापराची काजळी, उदबत्ती, भंडारा, सिमेंट: शरीर पाहते ते कणाचा आकार, त्याचे रसायन आणि त्याची मात्रा. देवासमोरच्या धुराला सवलत नाही.

चरकसंहितेने कफाची दुसरी बाजू फार पूर्वी पकडली होती. प्रकृतीत असलेला श्लेष्मा (कफ) म्हणजे बळ आणि बिघडलेला म्हणजे मळ, असे ती सांगते. राखणदार आणि रोग हे दोन वेगळे पदार्थ नाहीत, हे आजच्या फुप्फुसशास्त्रालाही मान्य होईल.

पावित्र्याच्या प्रश्नाकडे परतायचे तर, याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. गाभारा जमिनीखाली, वाट अरुंद, वाकून उतरावे लागते. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांना दिसले, ती कथा इथलीच. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असा त्यांचा सवाल होता. नामदेव पाय उचलून जिकडे नेतील तिकडे पिंडीच उमटत गेल्या. कथा ऐतिहासिक आहे की नाही हा वाद इथे गौण. तिने पावित्र्य एका दगडापुरते राहू दिले नाही, हे महत्त्वाचे. देव सर्वत्र असेल तर तो भंडाऱ्यात जितका, तितकाच तो भंडारा बाहेर ढकलणाऱ्या छातीतही. मग हळदीला पवित्र मानून हमालाच्या खोकल्याकडे काणाडोळा करणे हे विसोबांच्या शिकवणीत बसत नाही. (बहुतेक भाविकांना ही अडचण जाणवतही नाही, हा भाग वेगळा.)

जेजुरीत भंडारा उधळणारा दिवसभर पिवळा होऊन घरी परततो. मोंढ्यातला माणूस दर हंगामात, रोज, तीच धूळ ओढतो. तोंडाला बांधलेली दस्ती जाड कण अडवते, बारीक नाही. त्यासाठी नीट बसणारा गाळणीचा मास्क हवा, ड्रमला झाकण हवे, धूळ ओढून घेणारा पंखा हवा, आणि हा खर्च हमाली-तोलाईच्या शेजारी पट्टीवर लिहिला जायला हवा.